झाकण नीट लावा

बँकेच्या काउंटरवरचं पेन दोरीला बांधलेलं का असतं, हा प्रश्न मी नोकरीला लागलो त्याच आठवड्यात आमच्या हेडकॅशियरना विचारला होता. ते नोटा मोजत होते. मोजणं न थांबवता म्हणाले, "गिऱ्हाइकावर आपला पूर्ण विश्वास आहे. दोरी आहे ती पेनासाठी." बी. कॉम.च्या तीन वर्षांत जेवढं बँकिंग मला कळलं नव्हतं तेवढं त्या एका वाक्यात कळलं. ज्याला आपण घरासाठी पंचवीस लाखांचं कर्ज देतो, त्याच माणसाच्या हाती पाच रुपयांचं पेन मोकळं द्यायला आपला धीर होत नाही. आणि हे काही एकट्या बँकेचं नाही. पाणपोईवरच्या पेल्याला साखळी असते. आगगाडीतल्या मगालाही असते. देवळात गेलेला भाविक देवापुढे डोळे मिटतो, तेव्हा मिटल्या डोळ्यांपुढे त्याला दाराशी काढलेल्या नव्या चपला दिसत असतात. आपला समाज जो काही एकत्र टिकून आहे तो साखळीमुळे, असं माझं पक्कं मत होऊन बसलं होतं.

या मताला भाच्यानं सुरुंग लावला. हा भाचा अमेरिकेत ओरेगन राज्यात, पोर्टलंड शहराजवळ असतो. आठवडाभर कॉम्प्युटरपुढे बसतो आणि शनिवारी रानात जाऊन दुसऱ्यांनी लपवलेले डबे हुडकतो. बहिणीनं हे फोनवर सांगितलं तेव्हा सौ.नं आवाज खाली आणून विचारलं, "वन्सं, त्याची नोकरी आहे ना हो अजून?" नोकरी होती. डबे हौसेखातर होते, आणि हौसेला मोल नसतं. या हौसेचं नाव जिओकॅशिंग. आता जिओ म्हटलं की मोबाइल आणि कॅश म्हटलं की आमचं खातं, तेव्हा रिचार्जवर पैसे परत मिळण्याची ही एखादी योजना असावी, असं घरात सगळ्यांनाच वाटलं. भाच्यानं खुलासा केला की, यातला जिओ पृथ्वीचा आहे आणि कॅश म्हणजे लपवून ठेवलेला साठा.

प्रकार असा असतो. कुणीतरी एक डबा घेतो. त्यात एक वही, एक पेन्सिल आणि चारदोन किरकोळ वस्तू ठेवतो. तो डबा रानात, बागेत, पुलाखाली, क्वचित भरचौकातल्या बाकाखाली लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जगजाहीर करून टाकतो. मग ज्याला सवड असेल त्यानं हातातल्या यंत्राकडे बघत तिथवर जायचं, डबा शोधायचा, वहीत नाव-तारीख लिहायची, डबा होता तसा परत ठेवायचा आणि घरी यायचं. बक्षीस काही नाही. डब्यातली एखादी वस्तू आवडली तर घ्यायची मुभा आहे. मात्र तेवढ्याच किंवा जास्त मोलाची वस्तू आपण आत ठेवायची. अमेरिकेच्या लष्करानं अब्जावधी डॉलर खर्चून आकाशात सोडलेले उपग्रह आपण झुडपातले प्लॅस्टिकचे डबे शोधायला वापरतो, अशी थट्टा ही मंडळी स्वतःच स्वतःची करतात. जी माणसं आपल्या छंदाला हसू शकतात त्यांच्याबद्दल मला उगाचच आदर वाटतो.

वास्तविक असल्या खेळाचं बीज जुनं आहे. इंग्लंडात डार्टमूर नावाच्या ओसाड माळरानावर क्रॅनमिअर पूल म्हणून एक दुर्गम जागा आहे. तिथे १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्यानं एक बाटली ठेवली. एवढी तंगडतोड करून जो येईल त्यानं आपलं भेटकार्ड तिच्यात टाकावं, एवढाच हेतू. पण आजच्या खेळाचा जन्म झाला तो थेट राष्ट्राध्यक्षांच्या हुकमातून. उपग्रहांचे संकेत सर्वसामान्यांना देताना अमेरिकेचं लष्कर ते मुद्दाम जरा बिघडवून देत असे, त्यामुळे साध्या माणसाचं यंत्र शंभरेक मीटरपर्यंत चुकायचं. बिल क्लिंटन यांच्या आदेशानं २००० सालच्या मे महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेदरम्यानच्या रात्री हा कृत्रिम बिघाड बंद झाला आणि सकाळी जगभरची यंत्रं एकदम शहाणी होऊन उठली. ३ मे २००० रोजी डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थांनी ओरेगनमधल्या बीव्हरक्रीकजवळ एक काळी प्लॅस्टिकची बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिचा ठावठिकाणा जाहीर केला. बादलीत पुस्तकं, व्हिडिओ, कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम, थोडे पैसे, एक गलोल आणि शिजवलेल्या बीन्सचा एक डबा असा संसार होता. तीन दिवसांत दोघांनी ती शोधली. पहिले माइक टीग. त्याच वर्षी २ सप्टेंबरला जेरेमी आयरिश यांनी सर्वांसाठी यादी खुली केली, तेव्हा तिच्यात सगळे मिळून ७५ डबे होते. आज चालू डबे ३० लाखांवर आहेत. अंटार्क्टिकावर आहेत. २००८ साली रिचर्ड गॅरियट यांनी तर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरही एक नोंदवून टाकला. जागेपर्यंतची वाट किती अवघड, याला १ ते ५ असे गुण देण्याची पद्धत आहे. या डब्याला ५ मिळाले, यात पक्षपात झाला असं कुणी म्हणणार नाही.

गंमत म्हणजे, आजचे नियम लावले तर ती आद्य बादली नामंजूर होईल. डबा खड्डा खणून पुरायचा नाही, असा नियम आहे. ती अर्धी पुरलेली होती. खाण्याची वस्तू ठेवायची नाही, वासानं जनावरं येतात. तिच्यात बीन्स होत्या. संस्थापक आणि संस्थेची घटना यांचं नातं सगळीकडे असंच असतं. त्या जागी पुढे २००३ साली स्मृतिफलक बसवला, म्हणजे रीतसर देव्हाराही झाला.

बाकीचे नियम ऐकून माझ्यातला कारकून सुखावला. दोन डब्यांमध्ये निदान १६१ मीटर, म्हणजे मैलाचा दहावा भाग, अंतर हवं. ज्याची जमीन त्याची परवानगी हवी. दारू, हत्यारं, स्फोटकं नकोत. ज्यानं डबा ठेवला त्यानंच त्याची देखभाल करायची. जाता-येता रानातला कचरा उचलून आणायचा, ही प्रथा २००२ पासूनची. नवा डबा यादीत चढण्याआधी बिनपगारी तपासनीस तो नियमात बसतो का ते पाहतात. 'बिनपगारी तपासनीस' हे शब्द मी भाच्याकडून दोनदा म्हणून घेतले. ज्यांना या खेळाची खबर नाही अशा तुम्हाआम्हांला ते लोक 'मगल' म्हणतात. हॅरी पॉटरच्या गोष्टींत ज्यांना जादू येत नाही त्यांच्यासाठी हा शब्द आहे. मगलांच्या देखत डबा काढायचा नाही. यातून घोटाळेही होतात. २०११ साली इंग्लंडातल्या वेदरबी गावात कॅफेबाहेर लपवलेला असा एक चिमुकला डबा लोकांना बॉम्ब वाटला, आणि पथकानं येऊन तो उडवून दिला. तेव्हा डब्यावर तो कशाचा आहे हे लिहून ठेवावं, असं जे सांगतात ते काही उगाच नाही.

एका शनिवारी भाच्यानं मला हा खेळ फोनवरून प्रत्यक्ष दाखवला. त्याच्याकडे सकाळचे दहा, आमचे रात्रीचे साडेदहा. फोनच्या काचेवर उंच उंच झाडं, खाली नेचे आणि मधूनच भाच्याची नाकपुडी, असा देखावा होता. उपग्रह म्हणे दहाबारा पावलांपर्यंत आणून सोडतो; पुढचं आपल्या डोळ्यांनी. म्हणजे रिक्षावाल्यानं सोसायटीच्या फाटकाशी सोडायचं आणि बिल्डिंग आपण शोधायची, तसं. पंधरा मिनिटं त्यानं ओंडके चाचपले आणि एका आडव्या पडलेल्या खोडामागून हिरवी लोखंडी पेटी ओढली. लष्करात बंदुकीच्या गोळ्या ठेवायच्या जुन्या पेट्या ही मंडळी वापरतात. पाणी शिरत नाही.

"शिल्लक सांग," मी म्हणालो. इतक्या वर्षांची सवय.

"एक प्लॅस्टिकचा डायनासोर. एक मोटार, चाकं तीन. गोट्या चार. मध्ये भोक असलेलं जपानी नाणं. वही. पेन्सिल."

"पेन्सिल बांधलेली आहे का?"

"नाही रे मामा. मोकळीच आहे."

"किती दिवस?"

त्यानं वही चाळली. "नोंदी सहा वर्षांपूर्वीपासून आहेत."

सहा वर्षं एक पेन्सिल उघड्या रानात पडून होती आणि ती कुणी कानाला लावून नेली नव्हती, किंवा नेली असली तरी मागाहून येणाऱ्या कुणीतरी गुपचूप दुसरी ठेवली होती. भाच्यानं आईनं पाठवलेली, कोल्हापुरी चप्पल लोंबणारी किल्ल्यांची साखळी आत ठेवली, घेतलं काहीच नाही, आणि पेटी बंद केली. मला त्या रात्री झोप लागायला उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात हे सांगितल्यावर शेजारच्या काउंटरवरचे सहकारी म्हणाले, "त्यात काय मोठंसं? तीन चाकांची मोटार कोण चोरणार? लाख रुपये ठेवायला सांगा त्यांना." मुद्दा बिनतोड होता. पण मग आमचं पेन तरी कुठे लाखाचं आहे? त्याला आम्ही दोरी लावलीच आहे ना?

प्रश्न जुना आहे. बघणारं कुणी नसेल तर माणसानं सरळ का वागावं? प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये ग्लॉकन हाच प्रश्न सॉक्रेटिसला एका अंगठीची गोष्ट सांगून घालतो. लिडियातल्या एका मेंढपाळाला अंगठी सापडते. तिचा खडा तळहाताकडे फिरवला की तो अदृश्य होतो. हे ध्यानात येताच तो राजवाडा गाठतो, राणीला वश करतो, राजाला मारतो आणि स्वतःच राजा होतो. ग्लॉकनचं म्हणणं असं की, अशी अंगठी सज्जनाच्या बोटात घातली तरी तोही हेच करील. याला उत्तर द्यायला सॉक्रेटिसला पुढचा अख्खा ग्रंथ लागला. माझ्या खात्यावर तेवढी रजा शिल्लक नाही, म्हणून मी आपला डब्यापुरता विचार केला. रानात डब्यापाशी बसलेला माणूस म्हणजे अंगठी घातलेला मेंढपाळच. ना कॅमेरा, ना वॉचमन. तळं राखील तो पाणी चाखील म्हणावं, तर इथे तळं राखायलाच कुणी नाही.

यावर एक उत्तर आपल्याकडे आहे, अहिल्यानगर जिल्ह्यात. शनिशिंगणापूर हे घरांना दारं नसलेलं गाव म्हणून प्रसिद्ध आहे. चोरी केली तर शनिमहाराज बघून घेतात, अशी श्रद्धा. २०११ साली युको बँकेनं तिथे शाखा उघडली तेव्हा 'बिनकुलपाची शाखा' म्हणून तिची देशभर बातमी झाली. त्याच बातमीत पुढे असंही होतं की, काचेच्या दाराला सहज न दिसणारं विद्युत-चुंबकीय कुलूप आहे. ही ओळ वाचून धंदेवाईक बांधवांबद्दल माझा ऊर भरून आला. श्रद्धेच्या ठिकाणी श्रद्धा आणि कुलपाच्या ठिकाणी कुलूप! पण खरं सांगायचं तर शनीची नजर हीदेखील साखळीच की. फक्त ती डोळ्यांना दिसत नाही. बघणारा आहे म्हणून मी सरळ, एवढंच त्यातून निघतं. बघणारा नसेल तर काय, हा ग्लॉकनचा प्रश्न होता तिथेच राहतो.

अर्थशास्त्राकडे वळावं तर तिथेही निराशा. ग्रेशॅमचा सिद्धान्त आम्हाला बी. कॉम.ला होता: खोटं नाणं खऱ्या नाण्याला चलनातून हाकलून देतं. डब्यातही तेच घडतं, असं भाचा सांगतो. सुरुवातीला चांगली खेळणी असतात. घेणारा आपल्या मते तेवढ्याच मोलाची वस्तू ठेवतो, पण आपल्या वस्तूचं मोल करताना माणसाचा हात सैल असतो. होता होता मोटारीचं एक चाक जातं. बादशहानं रात्रीतून दुधानं हौद भरायला सांगितल्यावर प्रत्येकानं 'बाकीचे दूध ओततीलच' म्हणून लोटाभर पाणी ओतलं, आणि सकाळी नुसत्या पाण्यानं भरलेला हौद दिसला, ही बिरबलाची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेलीच आहे. या हिशेबानं जगातले सगळे डबे एव्हाना रिकामे व्हायला हवे होते. ते झाले नाहीत. कुणीतरी मधूनच येतो, काही न घेता चार चांगल्या वस्तू ठेवतो, ओली वही बदलतो, पेन्सिलीला टोक काढतो आणि निघून जातो. हा कोण, त्याची नोंद नाही. ग्रेशॅमनं त्याला जमेस धरला नव्हता.

या जमातीत सगळे हरिश्चंद्राचे वंशज आहेत, असा मात्र कुणी समज करून घेऊ नये. घरी आरामखुर्चीत बसून न बघितलेल्या डब्यांपुढे 'सापडला' अशी नोंद करणारे महाभाग तिथेही आहेत. बक्षीस नाही, पगारवाढ नाही, तरी खोटं! डबेवाल्यानं वही पडताळली आणि सही दिसली नाही तर तो नोंद खोडू शकतो, पण प्रत्येक वेळी डोंगर चढून वही पडताळणार कोण? याहून नाजूक प्रकार दुसरा आहे. एखाद्याला डबा सापडत नाही. मग तो खिशातली एखादी डबी काढतो, आत कागद घालतो, सही करतो, ती तिथेच ठेवतो आणि 'सापडला' म्हणून मोकळा होतो. वर, डबा हरवला असावा म्हणून मी नवा ठेवला, हा परोपकाराचा आव. ही गोष्ट तिथे फार वाईट समजतात. भाच्यानं हे सांगितलं तेव्हा सौ. म्हणाली, "का बरं? पदरचा डबा ठेवला की बिचाऱ्यानं!"

मला मात्र ते चटकन कळलं, कारण हा मोह कॅशच्या पिंजऱ्यात कुठल्याही माणसाला होण्यासारखा आहे. संध्याकाळी शंभर रुपये कमी भरतात. खिशातून शंभराची नोट टाकली की हिशेब जुळला, घरी जाता येतं, कुणाचं काही गेलंही नाही. पण ते शंभर रुपये गेले कुठे, हे कायमचं पुरलं गेलं. एखाद्या व्हाउचरवर आकडा चुकला असेल, कुणा म्हातारबाबांना जास्त गेले असतील, ते आता कुणालाच कळणार नाही. डब्याचंही तसंच. मूळ डबा तीन हातांवर शाबूत असला तर आता एका जागी दोन झाले, आणि पुढे येणारा भलत्याच डबीत सही करून समाधानानं घरी जाणार.

याच्या उलट एक रिवाज आहे, आणि मला त्या सगळ्या घटनेत तो सर्वांत थोर वाटतो. डबा सापडला नाही तर 'मला सापडला नाही' अशी नोंद करायची. सक्ती नाही. न केली तर कुणी विचारत नाही. चार तास काटे टोचून घ्यायचे, हात हलवत परत यायचं आणि वर आपली फजिती आपल्याच हातानं जगापुढे लिहायची! आपल्याकडे लग्नाच्या आहेराची वही असते, देणगीदारांची संगमरवरी पाटी असते. 'आलो होतो, जमलं नाही' अशी वही मी कुठल्या कचेरीत पाहिलेली नाही. पण या नोंदीला फार किंमत आहे. लागोपाठ तिघाचौघांनी असं लिहिलं की डबेवाल्याला कळतं, काहीतरी बिनसलंय, जाऊन बघायला हवं. पाचवा माणूस दोनशे किलोमीटर गाडी हाणण्याआधी वाचतो. एकाची फजिती दुसऱ्याचा दिवस वाचवते.

इथे मला ग्लॉकनच्या प्रश्नातली खोच कळल्यासारखी वाटली. आपण विचारत राहतो, 'मला बघतंय कोण?' देव, शनिमहाराज, मॅनेजर, कॅमेरा, अशी बघणाऱ्यांची यादी संपली की सरळपणाचं कारणही संपतं. पण डब्यापाशी बसलेला माणूस तो प्रश्नच विचारत नाही. तो विचारतो, 'माझ्यामागून येणार कोण?' आणि असं कुणीतरी येणारच असतं. आज नाही तर पुढच्या वर्षी, एखादा बाप मुलाला खांद्यावर घेऊन येईल, मूल पेटी उघडील आणि आत डायनासोर असेल किंवा नसेल. अंगठी घातलेला मेंढपाळ राजवाड्यात एकटाच होता. त्याच्यामागून कुणी येणार नव्हतं, म्हणून तो बिघडला. राखणदार माणसाला जागेवर ठेवतो हे खरं, पण तो उठून गेला की पेन जातं. मागून येणारा कधी उठून जात नाही, कारण तो अजून आलेलाच नसतो.

बँकेत हे आम्हाला न सांगता शिकवलेलं असतं. रजिस्टरमध्ये अक्षर लागेल असं लिहायचं, खोडलं तर शेजारी सही करायची. ते ऑडिटरसाठी असतं, असं आम्ही समजतो. खरं पाहता, आपली बदली झाल्यावर उद्या त्या खुर्चीवर बसणाऱ्या नवख्या पोरासाठी ते असतं. त्यानं काय पाप केलंय?

भाच्याला मी शेवटी विचारलं, "या डब्यांचं सगळ्यांत जास्त नुकसान कोण करतं? चोर?"

तो म्हणाला, "चोर फार नाहीत रे मामा. झाकण नीट न लावणारे. रबर जरा दुमडलं, किंवा पिशवीचा कोपरा झाकणात अडकला, की एका पावसाळ्यात वहीचा लगदा होतो. आणि तो माणूस वाईट नसतो. त्याला फक्त घाई असते."

जगातल्या दुर्जनांवर एवढे ग्रंथ लिहिले गेले, पण नुकसानीचा मोठा भाग या घाईतल्या सज्जनांच्या नावे पडावा, हे मला फार पटलं. रात्री जेवताना मी सौ.ला हे सगळं तत्त्वज्ञान, प्लेटोपासून पेटीपर्यंत, सविस्तर समजावून सांगितलं आणि सार म्हणून शेवटी सांगितलं की, नीतिशास्त्राचा अर्क एवढाच: मागून येणाऱ्यासाठी झाकण नीट लावावं.

ती शांतपणे म्हणाली, "लोणच्याच्या बरणीबद्दल वीस वर्षं मी या घरात दुसरं काय सांगतेय?"